तोडी ऐकायची तर रजई सोडा

ग्वाल्हेरला डिसेंबरात या, असं मी सगळ्या नातेवाइकांना सांगते आणि सगळे मे महिन्यात येतात. मुलांना सुट्या असतात, लग्नं असतात, मला कळतं. पण मे महिन्यात इथला पारा ४५ च्या घरात असतो. किल्ल्यावरच्या दगडावर पाय ठेवता येत नाही. मग ही मंडळी पुण्या-नाशकाला परत जाऊन सांगतात, की ग्वाल्हेरला किल्ला आहे आणि उकाडा आहे.

बाकी जे आहे ते थंडीत आहे. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत आमच्याकडे शनिवार-रविवारी घरात बसणारा माणूस एकतर आजारी असतो, नाहीतर आळशी. हाजिरा भागात तानसेन समारोह, म्हणजे शास्त्रीय संगीताचा महोत्सव, रेसकोर्स रोडला मेला, म्हणजे मोठी जत्रा, दालबाजारात नाट्य मंदिर, किल्ल्याच्या पायथ्याशी गूजरी महाल. समारोहाला तिकीट नाही. दाम मोजायचा तो थंडीत: पहाटे पारा पाच-सहावर उतरतो, धुक्यात समोरची ई-रिक्षा अंगावर आली की दिसते, आणि स्टेशनावर दिल्लीकडच्या गाड्यांची लोकं तासन् तास घोंगड्या पांघरून बसलेली असतात.

मी ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागात राहते, शाळेत गणित शिकवते. गाणं शिकलेली नाही. आमच्या घरात गाणं शिकलेल्या म्हणजे सासूबाई; त्या मुलगी असताना माधव संगीत विद्यालयात जात होत्या आणि अजूनही रेडिओवरच्या गायकाला "सम चुकली बघ" म्हणून टोकतात. त्यामुळे खाली जे लिहिते आहे ते ऐकणाऱ्याचं मत आहे, जाणकाराचं नाही. जाणकारानं रागावायचं असेल तर सासूबाईंशी बोलावं.

समारोहाबद्दल आधी, कारण तो नसता तर मी हे लिहायलाच बसले नसते. १९२४ साली संस्थानाच्या काळात 'उर्स' म्हणून तो सुरू झाला. २०२४ ला शंभरावा झाला. जागा हाजिरा भागातली. मोठा मकबरा सूफी संत महंमद गौसांचा, अकबराच्या काळातला, चारी अंगांनी दगडी जाळ्या. उन्हं तिरपी झाली की त्या जाळ्यांची नक्षी आतल्या फरशीवर उतरते. आणि त्याच अंगणात, बाजूला, चौथऱ्यावर खांबांच्या छपराखाली तानसेनाची लहानशी कबर. नवा माणूस हमखास मोठ्या घुमटाकडे बघून हात जोडतो आणि मग कोणीतरी त्याला सांगतं, "भाईसाहब, तानसेन इधर हैं." परंपरा गौसांना तानसेनाचे गुरू मानते, त्यामुळे गुरूची कबर मोठी, शिष्याची लहान, हिशोब बरोबर आहे.

कबरीपाशी चिंच आहे. तिची पानं चावली की गळा गोड होतो अशी समजूत. जुनं झाड कधीच गेलं, आताचं त्याच्या जागी आलेलं. तरी खालच्या फांद्यांना पानं शिल्लक राहत नाहीत. माझ्या बहिणीचा मुलगा शंभराव्या समारोहाला म्हणून पुण्याहून आला होता. इंजिनिअर आहे, हौशीनं गातो, आणि गाण्यातलं सगळं पुण्यात सुरू झालं असं मानतो. त्यानं मूठभर पानं चावली. दात आंबले. आवाज होता तसाच.

त्या वर्षी पहिला दिवस रविवारी आला, १५ डिसेंबर. लोकांना संध्याकाळचं उद्घाटन तेवढं माहीत असतं, कारण पेपरात फोटो त्याचा येतो. खरी सुरुवात सकाळी कबरीपाशी होते. आधी सनई. मग हरिकथा, मग मिलाद, म्हणजे पैगंबरांची स्तुती, आणि मग तानसेनाच्या कबरीवर चादर. हरिकथा असते ढोलीबुवांच्या मठाची. लष्करात राहणाऱ्याला ढोलीबुवा सांगावे लागत नाहीत, 'ढोलीबुवा का पुल' हा आमच्याकडे रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता आहे. पण भाचा चकित झाला. मुसलमान फकिराच्या दर्ग्यात, हिंदी मुलखात, मठाचे महाराज उभे राहून कथा सांगताहेत, कीर्तनाचा बाज आपल्याकडचा, निरूपण हिंदीत, स्वर हेच ब्रह्म इथपासून राम-रहीम इथपर्यंत. आणि ते बसले की त्याच जागी मौलवी साहेब मिलाद वाचायला घेतात. कोणी "आता बघा एकात्मता" असं माइकवरून सांगत नाही, निदान त्या वेळी तरी नाही. ते संध्याकाळच्या भाषणांसाठी राखून ठेवलेलं असतं.

सकाळी गर्दी बेताची. मठाची मंडळी, आसपासच्या गल्ल्यांतली मुलं, पेन्शनर, संगीताच्या शाळांचे विद्यार्थी, दोन-चार परदेशी पाहुणे, आणि माझ्यासारख्या बायका, ज्यांनी घरी "मंडईत जाऊन येते" असं सांगितलेलं असतं. मंडई हाजिऱ्याच्या उलट दिशेला आहे हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

संध्याकाळच्या सभेबद्दल थोडक्यात सांगते. मंच मोठा, दिवे भरपूर, तानसेन सन्मान ज्यांना मिळतो त्यांचा सत्कार, पाहुण्यांची भाषणं. मग मोठे कलावंत. ऐकावंच असं पुष्कळ असतं, खोटं बोलणार नाही. दहा-अकरानंतर, पुढच्या खुर्च्या रिकाम्या झाल्यावर, दरबारी कानडा सुरू झाला तर उठवत नाही. पण त्या आधीचे दोन-तीन तास फोन वर धरलेल्या हातांच्या मागून गाणं ऐकायचं असतं. २०२३ ला २५ डिसेंबरला किल्ल्यावर कर्ण महालापाशी हजाराहून जास्त तबलजी एकदम बसले आणि गिनीज बुकात नाव गेलं. त्याच वर्षी युनेस्कोनं ग्वाल्हेरला 'सिटी ऑफ म्युझिक' म्हटलं, तेव्हा शहरात चौकाचौकात उत्साह होता. तबल्याचा तो विक्रम ऐकायला मी गेले होते. आवाज छातीत बसला, पोरांचे चेहरे बघून बरंही वाटलं, कारण त्यांत आमच्या शाळेतली मुलं होती. पण हजार जण एकच ठेका धरतात तेव्हा कोणा एकाचा हात ऐकू येत नाही. तबला तर हात ऐकायला ऐकायचा असतो.

म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते. एकच सभा ऐकायची असेल तर सकाळची ऐका.

याचं कारण साधं आहे. पुण्या-मुंबईत गाण्याचे कार्यक्रम ऑफिस सुटल्यावर होतात. त्यामुळे लोकांच्या कानांवर यमन, पूरिया, मारवा, बागेश्री, मालकंस हेच फिरून फिरून पडतात. सकाळचे राग म्हणजे दिवाळी पहाटेपुरते, आणि तिथंही अर्धा वेळ नाट्यगीतांना जातो. तोडी, जौनपुरी, देशकार, अल्हैया बिलावल हे राग बसून, त्यांच्या वेळेला, विलंबितापासून म्हणजे संथ लयीपासून ऐकायला मिळणं आता दुर्मीळ झालं आहे. समारोहात अजून सकाळच्या सभा आहेत. दहाच्या सुमारास सुरू होतात, धुकं विरत असतं. आणि ज्याच्या नावानं 'मियाँ की तोडी' ओळखली जाते त्याच्या कबरीच्या अंगणात तुम्ही तोडी ऐकत असता. त्याचा मुलगा बिलास खान बापाच्या पार्थिवापुढे तोडी वेगळ्याच अंगानं गायला आणि मेलेल्या बापाचा हात हलला, अशी दंतकथा आहे. ती खरी मानायची गरज नाही. पण तिथं बसून बिलासखानी ऐकताना कबरीकडे एकदा नजर जातेच, माझी तरी जाते.

अडचण अशी की समारोहाच्या तारखा वार बघून ठरत नाहीत. सकाळच्या सभा सोमवार-मंगळवारी आल्या तर नोकरीवाल्यानं काय करायचं? मी अर्धी सीएल टाकते. आमच्या मुख्याध्यापिकाबाई कारण विचारत नाहीत, त्यांना माहीत आहे.

आता गणिताच्या बाईंना आवडणारी गोष्ट सांगते. उघड्यावर, थंडीत वाद्यं लावताना बघा. ही सभेतली माझी लाडकी वेळ. थंडीनं धातूची तार आकसते, ताणली जाते, सूर वर चढतो. दवानं तबल्याच्या पुडीचं कातडं ओलसर होतं, सैल पडतं, सूर खाली उतरतो. म्हणजे सतार एकीकडे पळते आहे, तबला दुसरीकडे, आणि दोघांना एका 'सा'वर आणायचं आहे. तबलजी हातोडीनं गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या वेणीवर, ठोकतो, लाकडी गठ्ठे सरकवतो, पुडी हिटरसमोर धरतो. ती तापली की सूर गरजेपेक्षा वर जातो, पुन्हा ठोकणं. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, जुळवायला घोड्यावरचा दोरा केसभर इकडेतिकडे. पाच-सात मिनिटं सहज जातात. मागचे लोक कुजबुजतात, "शुरू करो भाई." आणि ऊन मंचावर आलं की सगळं परत बिघडतं, कारण आता तार सैल आणि कातडं ताठ. चांगला वादक हे गतीच्या मधेच, थांबल्याचं न कळू देता, एका हातानं खुंटी पिळून सावरतो. बंद हॉलमध्ये एसी लावून ऐकणाऱ्यांना ही कसरत दिसतच नाही.

शंभराव्या वर्षी सोमवारी सकाळी सासूबाईंना घेऊन गेलो. त्यांना व्हीलचेअरवर नेणं सोपं नाही. अंगणात फरशी उंचसखल आहे. भाच्यानं आणि दोन अनोळखी पोरांनी उचलून पुढे नेलं. स्वयंसेवक मुलगी म्हणाली, "दादी, आगे धूप में बैठिए." सासूबाईंनी पश्मिन्यावर स्वेटर, स्वेटरवर शाल, आणि कानांना माझ्या सासऱ्यांची माकडटोपी. एका तरुण गायिकेनं गूजरी तोडी घेतली. पंचम, म्हणजे 'प', न लागणारी तोडी. ऐकताना वाटतं, आता हा स्वर येईल, आणि तो येत नाही, धैवतावरून बाई खाली उतरते. सासूबाई अर्धा तास काहीच बोलल्या नाहीत. आमच्याकडे हे प्रशंसापत्र समजतात. शेवटी म्हणाल्या, "आवाज पातळ आहे, पण घाई नाही." भाच्यानं रेकॉर्डिंग करायला फोन काढला तर त्याच्या मनगटावर चापट बसली.

गूजरी तोडीचा संबंध इथलाच सांगतात. राजा मानसिंह तोमर, १४८६ ते १५१६ गादीवर. धृपदाला त्यानं राजाश्रय दिला. त्याची गूजर राणी मृगनयनी, तिच्यासाठी किल्ल्याच्या पायथ्याशी बांधलेला गूजरी महाल, आणि तिच्यावरून गूजरी तोडी, असं लोक मानतात. समारोहाची अखेरची संध्याकाळची सभा आता त्याच गूजरी महालात होते. ती सभा मला आवडते, संध्याकाळची असूनही. अंगण लहान, मंच जवळ, माणसं मोजकी.

त्या आधीची सकाळ बेहटला. तानसेनाचं गाव, शहरापासून बरंच आत, झिलमिल नदीच्या काठी. जायला स्वतःची गाडी हवी, नाहीतर कोणाच्या तरी गाडीत जागा. तिथं एक महादेवाचं देऊळ आहे, कललेलं. तानसेनाच्या तानेनं कललं म्हणतात. बेहटच्या सभेला गावातले शेतकरी मोहरीच्या शेतांतून चालत येतात, डोक्यावर उपरणं, खांद्यावर कांबळं, आणि मागे उभे राहून ऐकतात. शहरातल्यासारखं मधेच उठून जात नाहीत. कोणाला राग ओळखता येत असेल असं नाही. पण दाद योग्य जागी येते. मला वाटायचं हा योगायोग. दर वेळी तसंच होतं म्हटल्यावर योगायोग म्हणणं सोडलं.

बेहटहून परतताना गाडीत भाचा आणि सासूबाईंचं भांडण झालं, ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. भाचा म्हणाला, "आजी, ख्याल खरा वाढला तो महाराष्ट्रात. भीमसेन, किशोरी, मल्लिकार्जुन..." सासूबाईंनी माकडटोपी काढली. ही लक्षणं चांगली नसतात.

"बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर कुठून गाणं शिकून आले रे?"

भाचा गप्प.

"ग्वाल्हेरहून. वासुदेवबुवा जोश्यांकडून. आणि वासुदेवबुवा कोणाचे शागीर्द? हस्सू खाँचे. आणि बाळकृष्णबुवांचे शागीर्द कोण? विष्णू दिगंबर. तुमच्या पुण्यात गाणं पोचलं ते इथून निघून पोचलं."

मग रस्ताभर शिंद्यांच्या दरबारातले हद्दू-हस्सू-नत्थू खाँ, शंकरराव पंडित, त्यांचे चिरंजीव कृष्णराव शंकर पंडित, ज्यांनी १९१४ साली इथं गायनशाळा काढली आणि १९८९ पर्यंत जगले, शेवटपर्यंत गात राहिले. १९१८ ला माधवराव शिंद्यांनी भातखंड्यांना बोलावून काढलेलं माधव संगीत विद्यालय, तिथं शिकवणारे राजाभैया पूछवाले. सासूबाईंना नावं आणि सालं तोंडपाठ आहेत. ग्वाल्हेर घराण्याची अष्टांगाची, म्हणजे आठ अंगांची, गायकी म्हणजे काय हे त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं आणि प्रत्येक अंगाचा तुकडा गाऊन दाखवला. त्यातल्या बहलावा या अंगापर्यंत आल्या तेव्हा ड्रायव्हरनं गाडी हळू केली. हे पुढच्या सीटवर झोपले होते ते जागे होऊन म्हणाले, "आई, औषध घेतलंस का?"

भाचा म्हणतो ते सगळंच चूक नाही, हे मला इथं लिहिता येतं, गाडीत बोलता आलं नसतं. गाणं इथून निघालं, मान्य. पण निघून गेलं हेही खरं. ज्या घरांतून आधी संध्याकाळी तंबोरा ऐकू यायचा तिथं आता कोचिंगचे बोर्ड आहेत. मुलं बंगलोर, हैदराबादला. आमच्याच गल्लीतल्या मराठी घरांपैकी निम्म्यांच्या खिडक्या दिवाळीतच उघडतात. तरी राजा मानसिंह तोमर यांच्या नावानं २००८ साली इथं संगीत आणि कला विद्यापीठ झालं. तिथली पोरं सकाळच्या सभेला वह्या घेऊन येतात आणि बंदिशी उतरवून घेतात. त्यात मराठी आडनावं कमी दिसतात. गाण्याला त्यानं फरक पडत नाही. मला थोडा पडतो.

भाच्याचा एक रविवार रिकामा होता, म्हणून त्याला आधी आमच्या घराजवळच्या सरोद घरात नेलं. जीवाजीगंजातलं हाफिज अली खाँसाहेबांचं वडिलोपार्जित घर. त्यांचे चिरंजीव अमजद अली खाँ, १९४५ चा जन्म, इथलाच. घराचं आता संग्रहालय आहे, आत जुने सरोद, मोठमोठ्यांची वाद्यं. रबाबाचा सरोद कसा झाला हे काचेमागे एका नजरेत कळतं: कातडं राहिलं, लाकडाच्या पट्टीवर धातूचा पत्रा आला, आतड्यांच्या तारा गेल्या, धातूच्या आल्या, आणि बोट सरकवून मींड काढता येऊ लागली. भाचा इंजिनिअर असल्यामुळे त्या पत्र्यापुढून हलेना.

मग गूजरी महालातलं संग्रहालय. ते १९२२ पासून लोकांना खुलं आहे. ग्यारसपूरची शालभंजिका, एक स्त्रीमूर्ती, इथलं रत्न. कुलपात असते, विचारल्याशिवाय दाखवत नाहीत, म्हणून विचारायचं. दीड-दोन फुटांचा तुटका दगड, हात नाहीत, पाय नाहीत, आणि तरी ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी आहे ज्यासाठी माणसं लांबून येतात. तिच्यावर मी जास्त लिहीत नाही. बघितलेल्याला पटतं, न बघितलेल्याला शब्दांनी काय कळणार.

तिथून किल्ल्याची चढण सुरू होते. वाटेत डोंगरात कोरलेलं चिमुकलं चतुर्भुज मंदिर लागतं. पर्यटक दम खायला त्याच्या पायरीवर बसतात आणि आत न बघता पुढे जातात. आतल्या भिंतीवर इसवी सन ८७६ चा शिलालेख आहे. देवळाला बाग दिली, लांबी २७० हात. रोज ५० हार द्यायचे. त्या २७० मधला आणि ५० मधला शून्य नीट बघा, लहानसं वर्तुळ, आज आपण काढतो तसंच. आमच्या शाळेतल्या प्रत्येक तुकडीला मी तिथं नेलं आहे. हे कला-मनोरंजनात बसत नाही, असं हे म्हणतात. माझा ब्लॉग आहे.

आता मेला. यांना विचाराल तर ग्वाल्हेरची थंडी म्हणजे मेला, बाकी सगळं रागदारी. १९०५ साली माधवरावांनी गुराढोरांच्या बाजारासारखा सुरू केला, आता रेसकोर्स रोडवर एवढ्या मोठ्या जागेत पसरतो की आत गेल्यावर नवरा हरवतो. कधी जाणूनबुजून. गाड्यांवर रोड टॅक्सची सूट मिळते तेव्हा अख्ख्या प्रदेशातून लोक मोटारी घ्यायला येतात, हार घातलेली नवी गाडी आणि बोनेटवर नारळ असं दृश्य दर शनिवारी. मौत का कुआँ आहे, आकाशपाळणे आहेत, काश्मिरी शाली, खुर्जाची क्रोकरी, बशीएवढा नाही, परातीएवढा पापड. आणि सॉफ्टी. पारा सहावर, तोंडातून वाफ, हातमोजे घातलेली माणसं रांगेत उभी राहून सॉफ्टी खातात. ग्वाल्हेरकराला याचं कारण विचारू नये. मीही खाते.

मेल्यातल्या कुसुमाकर रंगमंचावर मुशायरा आणि कविसंमेलन होतं ते मात्र यांच्यामुळे मला कळलं, हे श्रेय त्यांना. रात्री साडेनऊला बसलो तर शेवटचा शायर यायला दोन वाजतात. कविसंमेलनात विनोदी कवी फार वेळ खातात, बायकोवरचे तेच ते विनोद, आणि लोक हसतात. मुशायऱ्यात तसं होत नाही. शेर पडला की मागून कोणीतरी दुकान सोडून आलेला माणूस तो परत म्हणायला लावतो. मला उर्दू नीट येत नाही. दोन ओळी कळतात, तिसरी शेजारची बाई समजावून सांगते, तोवर चौथी निघून गेलेली असते. तरी बसते.

दालबाजारातल्या नाट्य मंदिरात मराठी नाटक लागलं की तिथं आमची हजेरी ठरलेली. बाहेरच्या दौऱ्यावरचं नाटक क्वचित येतं. आलं तर खुर्च्यांवर रुमाल टाकून जागा धरतात. इथल्या हौशी मंडळींचं असेल तर नायक आमच्या ओळखीचा, बँकेत असतो, दुसऱ्या अंकात त्याचं हिंदी मराठीत डोकावतं, "मी तुला किती वेळा सांगितलं की असं नको करत जाऊ," आणि प्रेक्षकांत कोणाला ते खटकत नाही कारण आम्ही सगळेच तसं बोलतो. पुण्याचा भाचा मात्र हसला.

यायचं ठरवलंत तर व्यवहाराचं ऐका. समारोहाच्या तारखा आधी बघा, मगच तिकीट काढा. दिल्लीहून येणाऱ्यांनी धुक्याचे तीन-चार तास हिशोबात धरा. सकाळच्या सभेला घरून सतरंजी आणा, फरशी गार असते. पायांत दोन मोजे. उन्हाची बाजू मंचाच्या कुठल्या अंगाला येणार ते नऊ वाजता ओळखू येत नाही, तिथल्या पेन्शनर मंडळींच्या शेजारी बसा, त्यांना ते बरोबर माहीत असतं. नाश्ता नया बाजारात बेडई-कचोरीचा, सभेच्या आधी, नंतर मिळत नाही. आणि परत जाताना गजक न्या, पण स्टेशनावरून घेऊ नका. लष्करातून घ्या, समोर तीळ-गूळ कुटताना दिसतो अशा दुकानातून, खस्ता मागा, आणि बॅगेत सगळ्यात वर ठेवा. भाच्यानं खाली ठेवली होती, पुण्याला पोचेपर्यंत तिचा भुगा झाला. पुढच्या डिसेंबरची रजा त्यानं आत्ताच टाकली आहे म्हणे, आणि फोनवर पहिला प्रश्न आजीला होता: सकाळच्या सभा कधी आहेत.